हिरव्या कागदाचा ताळा

शनिवार, १३ जुलै २०२४

गाडी तीन आठवड्यांनी घरी आली. २२ जूनच्या रात्री वारज्यात सर्व्हिस रोडवर एक दुचाकीवाला अचानक आडवा आला. मी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक फूटपाथच्या दगडावर जाऊन आपटलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुचाकीवाला मागे वळून न बघता गेला.

बिलात आहे ते असं: बंपर, डावा हेडलॅम्प, डावं फेंडर, डावं रिम, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), लिंक रॉड, टाय रॉड (स्टेअरिंगने चाक वळवणारा दांडा). शॉकअप बदललेला नाही, त्यापुढे पेनाने ‘चेक केला, ओके’. गाडी सात वर्षांची आणि विमा झिरो डेप नाही. म्हणजे धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा माझ्या अंगावर, वर सक्तीचे १००० रुपये. घसारा हा शब्द मी ऑफिसात रोज लिहिते. आज पहिल्यांदा लागला.

कोथरूडला येईपर्यंत दोन गोष्टी कळल्या. गाडी सरळ जाताना स्टेअरिंग डावीकडे तिरकं असतं. आणि पकड सैल केली की गाडी डावीकडे ओढते. वर्कशॉपला फोन केला, तर ॲडव्हायझर म्हणाला, “मॅडम, अलाइनमेंट करूनच दिलीय, कागद बघा, सगळं हिरवं आहे.”

कागद काळापांढरा आहे.

रविवार, १४ जुलै

सकाळचा चहा झाल्यावर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवल्याचा, कागद घेऊन बसले. चार चाकांच्या चौकटी, प्रत्येकीत ‘आधी’ आणि ‘नंतर’. पुढच्या चाकांचे ‘नंतर’चे आकडे वहीत उतरवले:

कॅम्बर: डावा +०.२०, उजवा −०.८०
टो: डावा +०.४२, उजवा −०.२५, एकूण +०.१७
कॅस्टर: डावा ----, उजवा ----

कॅम्बर आणि कॅस्टर हे झुकण्याचे कोन, ते पुढे बघू. टो समजायला सोपा. वरून पाहिलं तर चाकांची पावलं आत वळलीत की बाहेर, एवढंच. आत म्हणजे प्लस. कंपनीने दिलेली हद्द एकूण टोला ०.०० ते ०.१८ अंश, आपला ०.१७. बेरीज हद्दीत, म्हणून ‘ओके’. पण बेरजेखालच्या दोन रकमा बघा. डावं चाक ०.४२ आत वळलेलं म्हणजे उजवीकडे बघणारं, आणि उजवं ०.२५ बाहेर वळलेलं, म्हणजे तेही उजवीकडेच बघणारं. स्टेअरिंग मधोमध धरलं की दोन्ही चाकांचं तोंड उजवीकडे. गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे धरावं लागणार. किती? फरकाचं अर्ध ०.३३५ अंश. स्टेअरिंग साधारण १५ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं, म्हणून १५ ने गुणलं: ५ अंश. डॅशबोर्डवर मुलाचा कंपासमधला कोनमापक धरून पाहिला, पाचच्या आसपासच आला. तिरक्या स्टेअरिंगचा हिशोब लागला. एकच टाय रॉड फिरवून बेरीज जमवलेली असणार. आमच्याकडे नवीन आलेली मुलंही ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा) असाच जमवतात.

मागची चाकं: डावं +०.१७, उजवं +०.१३. मागचा ॲक्सल जवळजवळ नाकासमोर ढकलतोय. हा विषय इथेच संपला, मार पुढे बसलाय.

पण ओढण्याचा हिशोब टोने लागत नाही. टो चुकला तर टायर घासतं आणि स्टेअरिंग तिरकं बसतं. गाडी एका बाजूला जायची मुख्य कारणं कॅम्बर, कॅस्टर, टायर, अडकलेला ब्रेक, नाहीतर रस्ता.

मंगळवार, १६ जुलै

हवा चारही टायरांत ३३. ब्रेक अडकत नाही: वीस मिनिटं चालवून रिमजवळ हात नेला, दोन्ही बाजू सारख्याच कोमट. पंक्चरवाल्याकडून पुढची दोन टायरं डावी-उजवी अदलाबदल करून घेतली. टायरच्या घडणीतच तिरकेपणा असेल तर ओढणं बाजू बदलतं. बदललं नाही. टायर निर्दोष.

गुरुवार, १८ जुलै

आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता. डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. तेव्हा दोष रस्त्याचा की गाडीचा, हे आधी ठरवायचं. पुण्यात ट्रायलला सरळ रस्ता मिळतो, रिकामा मिळत नाही. आप्पांनी (सासरे, पिंपरीत एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते) सुचवलं, “गुरुवारी भोसरी एमआयडीसीत जाऊ. सुट्टी असते, कुत्रं नसतं रस्त्यावर.” कुत्री होती. बाकी कोणी नव्हतं.

साडेसहाला, ताशी ४० च्या वेगाने. मी हात स्टेअरिंगजवळ पण न धरता, आप्पा घड्याळावर. डाव्या बाजूने चालताना गाडीने एक पट्टा सोडायला ५ सेकंद घेतले. मग, रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसतोय ना हे बघून, उजव्या बाजूने तीच चाचणी केली (नियमात बसत नाही, कबूल). तिथे उतार उजवीकडे, म्हणजे गाडी उजवीकडे जायला हवी. ९ सेकंदांनी ती डावीकडेच गेली. उताराविरुद्ध चढून. तिन्ही वेळा.

आप्पांनी वहीत स्वतः लिहिलं: ‘रस्त्याचा दोष नाही.’ खाली तारीख आणि सही.

शनिवार, २० जुलै

दुसरीकडे, सिंहगड रस्त्यालगतच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे गेले. कॅमेऱ्याचं थ्रीडी मशीन, चाकांवर बसवायच्या चार पाट्या. मी आधीच सांगितलं: कॅस्टर हवा, एसएआय हवा आणि कागद हवा. पोरगा जरा वैतागला. कॅस्टर मोजायचा तर ब्रेक दाबून ठेवायची दांडी लावा, चाकं फिरत्या चकत्यांवर घ्या आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना ठरावीक अंश फिरवा. हे वेळखाऊ आणि त्यातून ॲडजस्ट काहीच होत नाही, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो सोडला तर फिरवायला बोल्टच नसतो. म्हणून पहिल्या कागदावर त्या रेघोट्या: कॅस्टर मोजलाच नव्हता.

गाडी थोडी ढकलून, पाट्या चाकांवर तिरक्या बसल्या असतील तर ती डगमग मोजून वजा करायचंही तो विसरत होता, आठवण करून दिली. नवीन रिम असलं तरी ते फिरताना सरळ आहे हे मशीनला कसं कळणार?

मालक साठीचे, ट्रकच्या कामातून आलेले. म्हणाले, “ताई, कॅम्बर सगळे बघतात, केपीआय कोणी बघत नाही.” ऑफिसात केपीआय म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचे आकडे, एप्रिल महिन्यातला छळ, म्हणून मी दचकलेच. ट्रकला किंगपिन (पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं तो खिळा) असतो, त्याचं आतल्या बाजूचं झुकणं म्हणजे हा केपीआय. आपल्या गाड्यांत किंगपिन नाही, पण शॉकअपचा वरचा माउंट आणि खालचा बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) जोडणारी एक न दिसणारी रेघ आहे, चाक वळतं ते तिच्याभोवती. समोरून पाहिलं की ती वर आत झुकलेली. त्या झुकावाला मशीन एसएआय म्हणतं. हीच रेघ बाजूने पाहिली आणि ती मागे किती रेललीय हे मोजलं की कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे रेललेला असतो, म्हणून हात सोडला तरी हँडल सरळ राहतं. तेच.

मग मशीन बोललं. आणि माझी फजिती झाली. पहिल्या कागदावर डावा कॅम्बर +०.२०, उजवा −०.८०. इथे डावा +०°१२', उजवा −०°४८'. मी म्हटलं, दोन मशीन दोन गोष्टी सांगतायत, कोणावर विश्वास ठेवू? मालक हसले. एक कागद दशांशात, दुसरा अंश-मिनिटांत. अंशाची मिनिटं ६०. ०.२० गुणिले ६० म्हणजे १२. ०.८० गुणिले ६० म्हणजे ४८. दोन्ही मशीन तंतोतंत एकच सांगत होती. सव्वा तास १.२५ असतो, १.१५ नाही, हे मी पगारपत्रकात लोकांना शिकवते.

टो दोन्ही बाजूंनी सारखा करून घेतला, ५' आणि ५'. (१४ इंची रिमवर १ मिलिमीटर टो म्हणजे साधारण १० मिनिटं, तेव्हा एकूण १ मिलिमीटर.) स्टेअरिंग सरळ झालं. ओढणं तसंच.

निघताना पोरगा म्हणाला, “कॅम्बर टूल लावून देऊ का? डावा मायनस करतो, तीनशे रुपये.” हे टूल म्हणजे हायड्रॉलिक जॅकचा चिमटा, शॉकअपला धरून वाकवतो. उद्या सांगते म्हटलं.

रविवार, २१ जुलै

आजची नोंद मोठी होणार.

पुढची दोन चाकं, कालच्या कागदावरून:

डावं: कॅम्बर +०°१२', एसएआय १२°०८', कॅस्टर २°५०'
उजवं: कॅम्बर −०°४८', एसएआय १३°१०', कॅस्टर ३°२०'

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक वर बाहेर झुकलंय (प्लस) की आत (मायनस). कंपनीचा आकडा −०°२०', मागेपुढे एक अंश सूट. म्हणजे −१°२०' पासून +०°४०' पर्यंत काहीही आलं तरी चौकट हिरवी. डावा हिरवा, उजवा हिरवा. आणि दोघांत अंतर अख्ख्या एका अंशाचं! गाडीच्या पुस्तकात दोन बाजूंतला फरक ३० मिनिटांच्या आत हवा असं आहे, पण त्या फरकाची चौकट पहिल्या कागदावर नाहीच. कॅम्बरमुळे गाडी जास्त प्लस असलेल्या बाजूला जाते, म्हणजे डावीकडे. कॅस्टरमुळे कमी कॅस्टरच्या बाजूला जाते, तेही डावीकडे. दोघं एकाच दिशेने ओढतायत. भोसरीतली गाडी उतार चढून का जात होती ते कळलं.

आता खरा ताळा. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज, चिन्हासकट:

डावं: १२°०८' + ०°१२' = १२°२०'
उजवं: १३°१०' − ०°४८' = १२°२२'

दोन मिनिटांचा फरक, म्हणजे काहीच नाही. ही बेरीज चाक नुसतं तिरकं झाल्याने बदलत नाही, कारण चाकाचा आस आणि ती न दिसणारी रेघ यांच्यातला कोन नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि शॉकअप या जोडीच्या घडणीत ठरलेला असतो. जोडी वाकली तर बेरीज बिघडते. इथे कॅम्बर दोन्हीकडे बिघडला, एसएआय दोन्हीकडे बिघडला, बेरीज शाबूत. म्हणजे शॉकअप आणि नकल सरळ आहेत आणि ‘चेक केला, ओके’ हे खरं आहे. अख्खी जोडीच्या जोडी कुठेतरी तिरकी उभी आहे.

कुठे? डावीकडे एसएआय घटला आणि कॅम्बर प्लसकडे गेला. हे दोनच प्रकारे होतं: खालचा बॉल जॉइंट आत सरकला किंवा वरचा टॉवर (शॉकअपचा माउंट जिथे बसतो तो बॉडीचा भाग) बाहेर गेला. उजवीकडे नेमकं उलट. दोन्ही आकडे मधल्या आकड्यापासून अर्धा अंश, एक इकडे, एक तिकडे. जमेचं आणि खर्चाचं इतकं सारखं जुळलं की एकच नोंद दोन्ही खात्यांना लागलेली असते. दोन्ही लोअर आर्म एकाच सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखाली बोल्टने लावलेल्या चौकटीला, बांधलेले असतात. सबफ्रेम उजवीकडे सरकली तर डावा बॉल जॉइंट आत जातो आणि उजवा बाहेर. किती सरकली असेल? वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत टेपने साधारण ६०० मिलिमीटर भरलं. अर्धा अंश म्हणजे ५ मिलिमीटर.

कॅस्टरही बोलतोय. डावीकडे कमी, म्हणजे डावा बॉल जॉइंट मागे गेलाय. मशीनने सेटबॅक ०°१२' दाखवलाय: डावं चाक उजव्याच्या मागे, दोन चाकांमधल्या अंतराच्या हिशोबाने ५ मिलिमीटर. फूटपाथच्या दगडाने चाक आत आणि मागे ढकललं, सबफ्रेम उजवीकडे सरकली आणि किंचित फिरलीसुद्धा. लोअर आर्म नवीन घातला, पण तो ज्याला बांधला ते तसंच तिरकं राहिलं.

अट एकच: दोन्ही टॉवर मिळून डावीकडे झुकले असते तरी हेच आकडे आले असते. ते तपासायचं राहिलंय.

कॅम्बर टूलवाल्याला नको म्हणून कळवलं. त्याने डावा शॉकअप वाकवला असता, कॅम्बर जुळला असता, कागद छान आला असता. मात्र १२°२०' ची बेरीज मोडली असती, एसएआयमधला अंशभराचा फरक तसाच राहिला असता, आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला तो वेग घेताना आणि ब्रेक मारताना जाणवतो. शिवाय चांगला शॉकअप वाकडा होऊन बसला असता. यालाच आमच्यात सस्पेन्स खातं म्हणतात: न जुळणारी रक्कम तात्पुरती टाकून ठेवायची जागा.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. शाळा बंद. त्या अलाइनमेंटवाल्या काकांना फोन केला, दुकानात पाणी नाही, ठीक आहेत. गाडी जागची हलवली नाही.

शनिवार, २७ जुलै

वर्कशॉपमध्ये आप्पांना घेऊन गेले. ॲडव्हायझरने पुन्हा हिरव्याचं पुराण लावलं. मी वहीचं पान फोरमनसमोर ठेवलं. तिशीतला मुलगा, बोटाने दोन्ही बेरजा वाचल्या आणि म्हणाला, “लिफ्टवर घ्या.” वाद तिथेच संपला. ज्याला कळतं तो जास्त बोलत नाही.

आधी बॉनेट उघडून टॉवर. डाव्या टॉवरच्या बोल्टपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, मग उजव्यापासून डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण एका मिलिमीटरच्या आत सारखे. टॉवर जागेवर.

मग खाली. आप्पांनी पिशवीतून पितळी ओळंबा काढला. फोरमनला हसू आलं, पण त्याने लिफ्ट कंबरेइतकी खाली घेऊन दिली. सबफ्रेमच्या दोन कोपऱ्यांतून आणि बॉडीच्या दोन भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने चार फुल्या मारल्या. तिरप्या फुल्यांमधलं अंतर: एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ६ मिलिमीटरने मोठा. ओळंब्यात एखादा मिलिमीटर चुकतोच असं आप्पा म्हणाले, पण सहा नाही.

आणि मग आकडेमोडीपेक्षा भारी पुरावा फोरमनलाच दिसला. सबफ्रेमच्या डाव्या मागच्या बोल्टच्या वॉशरशेजारी चकचकीत, धूळ न बसलेली चंद्रकोर. सात वर्षं वॉशर जिथे बसला होता ती जागा उघडी पडलेली. जाडी चार-पाच मिलिमीटर. फोटो काढला.

हे धडकेने झालं की आर्म बदलताना बोल्ट सैल करून तसेच आवळल्याने, हे चंद्रकोर सांगत नाही. मीही विचारलं नाही. मजुरी लावणार नाही, बोल्ट तुम्ही आणा, असं ठरलं. विम्याच्या सर्व्हेअरकडे पुरवणी अंदाजपत्रक पाठवायचं तर आठवडा जाणार आणि रक्कम बोल्टांएवढी. सोडून दिलं.

सोमवार, २९ जुलै

नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. चार बोल्ट. पार्किंग शोधायला जितका वेळ लागला त्यात बोल्ट लेथवर करून झाले असते.

शनिवार, ३ ऑगस्ट

काम प्रत्यक्षात तासाभराचं. सबफ्रेमखाली जॅकचा आधार, बोल्ट सैल, जुळवणीच्या भोकांतून दोन सरळ पिना वर घालायच्या. पहिली गेली, दुसरी अडली. पहारीने डावीकडे रेटल्यावर तीही खट्‌कन बसली. बसल्याचा आवाज आप्पांनी मान हलवून मान्य केला. नवीन बोल्ट टॉर्क रेंचने, आलटून पालटून. फोरमनने मला न विचारता ब्रेकची दांडी लावली आणि कॅस्टर फिरवला.

डावं: कॅम्बर −०°१८', एसएआय १२°३८', बेरीज १२°२०', कॅस्टर ३°०६'
उजवं: कॅम्बर −०°२२', एसएआय १२°४४', बेरीज १२°२२', कॅस्टर ३°०५'
सेटबॅक ०°०२'

बेरजा २१ जुलैला होत्या त्याच. रकमा तेवढ्या आपापल्या खात्यात गेल्या. टो सगळ्यात शेवटी, ५' आणि ५'. कागद रंगीत दिला.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाच्या आधी भोसरी. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, घड्याळ हातात. स्टेअरिंग अजून अर्धा-एक अंश डावीकडे वाटतं. ते तसंच राहू देणार आहे.

डाव्या बाजूने: १२ सेकंद, डावीकडे.
उजव्या बाजूने: १३ सेकंद, उजवीकडे.

रस्ता जिकडे उतरतो तिकडे. आप्पांनी सही केली.